मदत हवी आहे: नायोबियमची फिल्म 7.6 केल्विनलाच अडकलीय

मंडळी, रेझोनेटरसाठी सिलिकॉन वेफरवर स्पटरिंगने (आर्गॉन वायूच्या आयनांचा मारा करून धातूच्या तुकड्यातून, म्हणजे टार्गेटमधून, अणू उडवून थर बसवायची पद्धत) नायोबियमची 60 नॅनोमीटर जाडीची फिल्म करतोय. शुद्ध नायोबियम 9.2 केल्विनच्या आसपास अतिवाहक होतं, म्हणजे त्याचा विद्युत रोध शून्य होतो. माझी फिल्म होते 7.6 ला, तेही रोध एकदम न कोसळता रेंगाळत उतरतो. संशय ऑक्सिजनवर आहे. एक अणुटक्का मिसळला तरी अतिवाहक व्हायचं तापमान सुमारे 0.9 केल्विनने घसरतं. चेंबर रात्रभर पंप केलं, शटर बंद ठेवून टार्गेट दहा मिनिटं साफ केलं. तरी तेच! आर्गॉनचा दाब कमी केला की ताण वाढतो, फिल्मला सुरकुत्या पडून कडा सुटतात. महिन्याची मेहनत अशी उचकटताना बघवत नाही. आधी टायटॅनियम उडवून उरलेला ऑक्सिजन शोषून घ्यायचा उपाय कुणी केलाय का? किती वेळ चालवलं होतं? की पॉवर वाढवून फिल्म झटपट बसवू?