'हायपरसॉनिक'साठी मराठीत कोणता शब्द वापरावा?

अनुवादिका, कोथरूड
लष्करी प्रायोगिक विमानांवरील एका लेखाचा अनुवाद करताना मी अडले आहे. 'सुपरसॉनिक'साठी 'स्वनातीत' रुळला आहे. परंतु ध्वनीच्या पाचपट किंवा त्याहून अधिक वेगाच्या विमानाला काय म्हणावे? मी 'अतिस्वनातीत' लिहिले, तर संपादकांनी ते खोडून 'महावेगवान' केले. महावेगवान तर कॉंकर्डही होते, आणि ते ध्वनीच्या जेमतेम दुप्पट वेगाने उडत असे.

निवृत्त, पाषाण
'महावेगवान' नकोच. पण 'अतीत' म्हणजे पलीकडे गेलेला. त्याला पुन्हा 'अति' कशाला? गुणातीताच्या पुढे कोणी अतिगुणातीत म्हणत नाही. 'अतिस्वनी' आटोपशीर आहे. खरे सांगायचे तर संरक्षण प्रयोगशाळेत आम्ही आपसांत मराठी बोलतानाही 'हायपरसॉनिक' आणि त्याच्या इंजिनाला 'स्क्रॅमजेट' असेच म्हणत असू, आणि त्यामुळे कोणाचे काही अडले नाही.

भाषाप्रेमी, सदाशिव पेठ
अडत नाही म्हणून चालवून घेतले असते, तर पुण्याला आजही महापौर नसता, मेयर असता. 'क्षेपणास्त्र' काय कमी जोडाक्षरी आहे? तरीही शाळकरी मुले तो सहज उच्चारतात.

आजोळ सातारा
आमची आजी 'अतीत-अभ्यागत' म्हणत असे. तो 'अतीत' अतिथीपासून आलेला, म्हणजे पाहुणा. त्यामुळे 'स्वनातीत' हा शब्द माझ्या कानाला अजूनही परका वाटतो.

निवृत्त, पाषाण
तो अतीत वेगळा, हा वेगळा. शिवाय 'स्वनातीत' आपल्याला सोडता येणार नाही. स्क्रॅमजेटमध्ये ज्वलनकक्षातून वाहणारी हवासुद्धा ध्वनीपेक्षा वेगवान असते आणि त्या झोतातच, काही सहस्रांश सेकंदांत, इंधन मिसळून पेटावे लागते. म्हणजे विमान अतिस्वनी आणि त्याच्या पोटातले ज्वलन स्वनातीत. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर इंजिनाचे मर्मच वाचकाला कळणार नाही. ७ सप्टेंबर २०२० रोजी डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने ओडिशाच्या किनाऱ्याजवळील अब्दुल कलाम बेटावरून केलेल्या चाचणीत हे ज्वलन वीस सेकंदांहून अधिक काळ टिकले, आणि ध्वनीच्या सुमारे सहापट वेगात तेवढे टिकवणे हेच मोठे यश होते.

वाचक, औंध
मला 'विमान' हाच शब्द खटकतो. १९६७ मध्ये ध्वनीच्या ६.७ पट वेग गाठणाऱ्या अमेरिकेच्या एक्स-१५ मध्ये वैमानिक होता आणि ते जमिनीवर परत उतरले. ते विमान खरेच. एक्स-४३ए मात्र जेमतेम पावणेचार मीटर लांबीचे आणि वैमानिकाविना होते. नोव्हेंबर २००४ मध्ये त्याने ध्वनीच्या जवळपास दहापट वेग गाठला, इंजिन सुमारे दहा सेकंद चालले आणि मग ते प्रशांत महासागरात पडले. जे परतण्यासाठी बनवलेलेच नाही, त्याला विमान म्हणावे का?

भाषाप्रेमी, सदाशिव पेठ
आपल्याकडे याचा निवाडा झालेला आहे. हातात धरून वापरायचे ते शस्त्र, फेकायचे ते अस्त्र. हे अस्त्रच.

वाचक, औंध
पण एक्स-४३ए मध्ये स्फोटके नव्हती. ते नासाचे संशोधन होते. खरी चिंता इथेच आहे. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचा मार्ग बराचसा आधी वर्तवता येतो. अतिस्वनी अस्त्र मात्र त्याच्यापेक्षा कमी उंचीवरून, वाटेत वळणे घेत येते. त्यामुळे जमिनीवरच्या रडारला ते उशिरा दिसते आणि त्याचे लक्ष्य कोणते हे शेवटपर्यंत उमगत नाही. त्याच्या पोटात साधी स्फोटके आहेत की अण्वस्त्र, हे तर रडार सांगूच शकत नाही, आणि उत्तर द्यायचे की नाही हे ठरवायला काही मिनिटेच उरतात. म्हणून चाचणीच्या बातमीत 'विमान' लिहायचे की 'अस्त्र', याला मी 'अतिस्वनी'च्या वादापेक्षा अधिक महत्त्व देतो.

अनुवादिका, कोथरूड
मग 'यान' कसे वाटते?

भाषाप्रेमी, सदाशिव पेठ
'यान' अवकाशासाठी राहू द्यावे. हे वातावरणातच उडते, आणि तिथली हवा घेतल्याखेरीज त्याचे इंजिन पेटतही नाही.