आईची डोकेदुखी : ऊन, गोळ्या की आणखी काही?

मंडळी, आई गावी असते, अमळनेर तालुक्यात. वय ६२. होळीच्या आधीपासून डोकं दुखतंय, पूर्वी कधी ही तक्रार नव्हती. विचारलं की एकच उत्तर, "माले काही नही व्हयनं, ऊन लागनं." सध्या पारा ४४-४५ ला टेकलाय, त्यामुळे घरच्यांनीही तेच धरलं. पन्हं झालं, कांदा झाला, ओला फडका झाला. उपकेंद्रात बीपी मोजला, ठीक आहे.

दुखतं उजव्या कानशिलाशी. मळमळ नाही. फणी लागली तरी कळ येते म्हणून वेणी सैल घालते. दुकानातली गोळी जवळपास रोज चालू आहे. दाढेचंही काहीतरी असावं, परवा कळण्याची भाकरी अर्धी टाकून उठली. चावताना जबडा भरून येतो म्हणे.

पाऊस पडेपर्यंत थांबावं की धुळ्याला न्यावं? कोणाकडे?

प्रतिसाद १
गोळ्यांवर लक्ष ठेवा. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी, असं तीन महिन्यांवर चाललं तर गोळीमुळेच डोकं दुखत राहतं. वहिनींचं तसंच झालं होतं.

प्रतिसाद २
मी फिजिशियन आहे. गोळ्यांचा मुद्दा बरोबर, पण इथे तो दुसरा. होळीआधी कुठलं आलंय ऊन? पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, फणीने दुखणारं कानशील, चावताना भरून येणारा जबडा, हे तिन्ही एकत्र आलं की टेम्पोरल आर्टरायटिस आहे का ते आधी बघतात. त्यात कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येते. आजार दुर्मीळ आहे, आईंना तोच असेल असं नाही. पण असला आणि उपचार लांबले तर दृष्टी जाऊ शकते, आणि गेलेली सहसा परत येत नाही. उद्याच एमडी मेडिसिनकडे न्या. ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या होतील. संशय बळकट असला तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात. मनाने काही देऊ नका. नजर अंधुक झाली, एकाचे दोन दिसले किंवा क्षणभर अंधारी आली तर सकाळचीही वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत.

इतर वाचणाऱ्यांसाठी : क्षणात टोकाला गेलेली डोकेदुखी, तापाबरोबर आखडलेली मान, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं, यातही तेच.

धागाकर्ता
आत्ता फोन केला. दिसतं नीट म्हणते, पण मागच्या आठवड्यात उजव्या डोळ्यापुढे एकदा पडदा आल्यासारखं झालं होतं, सांगितलं नव्हतं. भाऊ गाडी काढतोय, रात्रीच निघतात. गोळ्यांची पाकिटं सोबत घ्यायला सांगितलीत.