नोकरीतला वाद: कोर्टाआधी समेट सक्तीचा असावा का?

धागाकर्ती
माझं मत स्पष्ट आहे. कामावरून काढलं, पगार थकवला, बढती डावलली, वाद कुठलाही असो, तो आधी समेट करणाऱ्यासमोर गेलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१४ पासून ट्रिब्युनलमध्ये दावा लावण्याआधी बहुतेक प्रकरणांत ‘एकॅस’ या समेट संस्थेला कळवावंच लागतं. पुढे बोलणी करायची की नाही, ते दोन्ही बाजूंच्या मर्जीवर. मला ही पद्धत पटते.

एका सहकारी मैत्रिणीसोबत मी अशा बैठकीला गेले होते. एका खोलीत आम्ही, दुसरीत कंपनीची माणसं, आणि समेट करणाऱ्या बाई मधल्या मधे ये-जा करत होत्या. दोन तास नुसती रकमेवर घासाघीस. मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “पैशाचं राहू दे जरा. तुम्हाला सगळ्यात जास्त काय लागलंय?” मैत्रीण म्हणाली, “पत्रातला ‘बेजबाबदार’ हा शब्द.” तो शब्द गेला, अनुभवाच्या दाखल्याचा मजकूर ओळ न् ओळ तिथेच ठरला आणि रकमेचं अर्ध्या तासात मिटलं. खटला जिंकली असती तर भरपाई मिळाली असती, पण पुढच्या नोकरीसाठी तिला तो दाखला जास्त मोलाचा होता.

प्रतिसाद १
ताई, मैत्रिणीचं झालं याचा आनंद आहे, पण मी युनियनच्या कामात वेगळंच पाहिलंय. एकाचा पगार बंद, दुसऱ्याला कसलीच घाई नाही. मॅनेजमेंटचा माणूस येतो, “वर विचारून सांगतो” म्हणतो, की पडली पुढची तारीख. भारतात १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेट अधिकाऱ्याला १४ दिवसांची मुदत होती. ती किती पाळली गेली, ते कामगारांना विचारा. अखेर २०१० मध्ये दुरुस्ती करावी लागली, की ४५ दिवस उलटले तर काढलेल्या कामगारानं थेट कामगार न्यायालयात जावं. घरभाडं थकलेला माणूस मिळेल त्यावर सही करतो. त्याला समेट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

धागाकर्ती
दादा, हा दोष मुदत न पाळण्याचा आहे. दक्षिण आफ्रिकेत समेटाला ३० दिवस, त्यात मिटलं नाही तर कामगार पुढे लवादाकडे किंवा कोर्टात जायला मोकळा. आणि त्याच १९४७ च्या कायद्यात समेटाच्या कामकाजात वकिलाला मज्जाव होता, तो कामगाराच्याच सोयीचा. कोर्टात त्याला वकिलाची फी कुठून परवडणार?

प्रतिसाद १
वकील नसला तरी समोर मुरलेला एचआर असतो. इकडे कामगार आयुष्यात पहिल्यांदाच अशा टेबलावर बसलेला. सोबत युनियनचा माणूस असणं आधी सक्तीचं करा, मग समेटाच्या सक्तीचं बोलू.

प्रतिसाद २
लैंगिक छळाचं काय? तिथे ‘मिटवून घ्या’ हा सल्लाच घातक आहे. आपल्या २०१३ च्या कायद्यात समेट फक्त तक्रारदार बाईनं स्वतः मागितला तरच होतो, आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. ही अट विचारपूर्वक घातली आहे. बंद खोलीत मिटलेलं प्रकरण त्या माणसाच्या पुढच्या टीमला कळत नाही, आणि तिथे दुसरी कुणीतरी त्याच्या हाताखाली रुजू होते.

धागाकर्ती
हे पूर्ण मान्य. ‘वाद कुठलाही असो’ हे माझं म्हणणं चुकलं, मागे घेते. छळाच्या तक्रारीत सक्ती नकोच. पगार, रजा, बदली, बडतर्फी यांबाबत मात्र मी ठाम आहे. आणि दादा, सोबत माणूस हवा हे तुमचं खरं आहे. त्या दिवशी मैत्रीण पहिल्याच आकड्यावर सही करायला निघाली होती, मी तिचा हात धरला म्हणून थांबली.

प्रतिसाद १
आणि ज्याचा हात धरायला कुणीच नसतं, तो?