जपानी कला: सगळं उसनंच ना शेवटी?

उनाड वाटसरू:
परवा गप्पांत एकाने ठणकावून सांगितलं की जपानी कला बेटावर एकटीच वाढली, बाहेरचा वारा लागलाच नाही तिला. मला काही पटलं नाही बुवा. नाराजवळच्या होर्यूजी मंदिरातली शाक्यमुनींची ती तीन मूर्तींची ब्राँझची त्रयी घ्या, साल 623, घडवणारा मूर्तिकार तोरी बुस्शी, आणि हा तोरी कोण तर बाहेरून येऊन वसलेल्या माणसाचा नातू. बौद्ध धर्मच मुळात सहाव्या शतकात कोरियातल्या बेक्जे राज्यातून आला, सोबत मूर्ती, पोथ्या, कारागीर सगळंच आलं. 752 साली नाराच्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचे डोळे रंगवले कोणी? भारतातून गेलेल्या बोधिसेन भिक्षूने! कुंचल्याला लांबच लांब दोर बांधलेला, जमलेल्यांनी तो हातात धरायचा म्हणजे पुण्य सगळ्यांना. तो दोर शोसोइन या तिथल्याच जुन्या खजिन्यात अजून जपलाय. मग यात जपानी काय उरलं?

तिखट शेव:
वाटसरूभाऊ, बटाटा पोर्तुगीजांनी आणला म्हणून वडापाव लिस्बनचा होतो का? आधी मूर्ती एकाच ओंडक्यातून कोरायचे, लाकूड वाळलं की तडे जायचे. अकराव्या शतकातल्या जोचो या मूर्तिकाराने तुकडे वेगवेगळे कोरायचे, आतून पोकळ ठेवायचे आणि मग सांधायचे ही पद्धत पार मुरवली, म्हणजे एका मूर्तीवर चार-पाच जण एकदम छिन्नी चालवणार आणि मूर्तीही हलकी. उजी गावच्या ब्योदोइन मंदिरातला त्याचा अमिताभ बुद्ध (1053) बघा एकदा. आणि 'गेंजीची कथा' या जुन्या जपानी कादंबरीवरच्या बाराव्या शतकातल्या चित्रगुंडाळ्या? घराचं छप्परच काढून टाकलंय, आपण वरून आत डोकावतोय, चेहऱ्याला डोळा म्हणून एक रेघ, नाक म्हणून एक आकडा, बस्स. हे कुठल्या चिनी मास्तरने शिकवलं?

उनाड वाटसरू:
जोचो मान्य. पण पुढे चित्रकार सेश्शू 1467 ला मिंग घराण्याच्या चीनला गेलाच ना शिकायला!

तिखट शेव:
गेला, आणि म्हातारपणी 1495 च्या चित्रावर लिहून ठेवलं की तिकडे जाऊन आल्यावर आपल्याच जपानी चित्रकारांची, जोसेत्सू आणि शूबुनची थोरवी कळली. हे सांगायचं विसरलात वाटतं 😄

दुपारची झोप:
मूची राहिला की. तेराव्या शतकातला चिनी भिक्षू-चित्रकार, त्याच्याच देशात फारसं कोणी विचारलं नाही, आणि त्याची सगळ्यात नावाजलेली चित्रं जपानात, क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरात. जपानी चित्रकार हासेगावा तोहाकूने त्याच्यावरून हात घोटला आणि मग पाइनच्या झाडांचा तो पडदा काढला, ज्यात धुकं म्हणजे नुसता कोरा कागद. आता हे उसनं म्हणायचं की सांभाळलेलं?

गप्पिष्ट मावशी:
तुमचा तो 'प्रभाव' शब्द फारच गोड आहे हो. 1592 ते 98 जपानचा सत्ताधीश हिदेयोशीने कोरियावर स्वाऱ्या केल्या, त्यात कुंभारांना पकडून नेलं. पुढे जपानच्या अरिता गावची पोर्सेलीन, म्हणजे चिनी मातीची भांडी, जगभर विकली गेली त्यांचा पाया त्यांनी घातला. याला देवाणघेवाण म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

लेण्यातला वाघ:
अजिंठा कसा काय कोणी काढला नाही अजून? होर्यूजीच्या भिंतीवरचा बोधिसत्त्व आणि आपल्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी शेजारी ठेवा, तीच कलती मान, तीच ठाम वळणदार रेघ. आराई काम्पो नावाच्या जपानी चित्रकाराने तर अजिंठ्यात बसून नकला केल्या आणि 1940 पासून होर्यूजीच्या भिंतींच्या नकलांवरही काम केलं. ते काम चालू असतानाच 1949 च्या जानेवारीत आग लागली आणि भिंती करपल्या. वाचूनच पोटात कालवतं.

तिखट शेव:
वाघोबा, मधे दोनशे वर्षं आणि तांग घराण्याचा अख्खा चीन आहे. अजिंठ्याहून नाराला थेट यष्टी नव्हती.

लेण्यातला वाघ:
थेट कोण म्हणतंय, गाडी बदलत बदलत गेली असेल. पण गेली ना?

उनाड वाटसरू:
'काय उरलं' हे मी जरा जोरातच बोललो, मागे घेतो. पण मावशींच्या कुंभारांवर शेव अजून गप्प का आहेत?