पहिल्या वर्षी कुणाच्या मागे फिरलात?

भाचीला यंदा एमबीबीएसला अ‍ॅडमिशन मिळाली आणि लगेच सगळे विचारायला लागले, "पुढे स्पेशलायझेशन कशात करणार?" २०१९च्या अभ्यासक्रमापासून पहिल्या वर्षातच 'अर्ली क्लिनिकल एक्स्पोजर', म्हणजे सुरुवातीपासूनच पेशंट दाखवणं, असतं खरं, पण तिथे अख्खी बॅच घोळक्याने उभी, पेशंटपेक्षा पुढच्याची पाठच जास्त दिसते. म्हणून सुट्टीत ओळखीच्या डॉक्टरांच्या मागे फिरायचं ती म्हणतेय. असं फिरलेल्यांनी लिहा. नुसतं 'मेडिसिन भारी' नको, काय पाहिलं ते सांगा.

इंटर्न, नागपूर
सर्जनच व्हायचं होतं. आत्याच्या ओळखीच्या सर्जननी ओटीत (ऑपरेशन थिएटरात) उभं राहू दिलं. अट एकच : कशाला हात लावायचा नाही, गरगरलं तर भिंतीला टेकून खाली बसायचं. टेबलाभोवती एवढे लोक, की काही दिसेना. भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "इकडे डोक्याकडे ये." हर्नियाचे काका होते. पाठीत स्पायनल (कमरेखाली बधिर करणारं इंजेक्शन) दिलं, थोड्या वेळात मॉनिटरवर बीपी उतरू लागलं. "का उतरलं, सांग?" रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या सिम्पथेटिक नर्व्हज बधिर झाल्या की रक्तवाहिन्या सैलावतात, हे फिजिओलॉजीत घोकलेलं, डोळ्यांसमोर होताना पहिल्यांदाच पाहिलं. मॅडमनी सलाईन वाढवलं, औषध दिलं आणि काकांशी संत्र्याच्या बागेबद्दल गप्पा चालूच ठेवल्या. बीपी वर आलं. आता अ‍ॅनेस्थेशियासाठीच (भूलशास्त्र) 'नीट-पीजी' प्रवेश परीक्षेची तयारी करतोय. घरच्यांना वाटतं, पोरगा जन्मभर सुया टोचणार.

दुसरं वर्ष, पुणे
ऑर्थो, म्हणजे हाडांचं. सी-आर्मसाठी (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन) शिशाचा अ‍ॅप्रन घालतात, त्याने खांदे भरून आले. तरी ऑर्थोच!

रेडिओलॉजी रेसिडेंट
'आरामाची ब्रँच, पेशंटशी बोलायला नको' असं ऐकून मी सोनोग्राफीच्या खोलीत बसायला गेले. गरोदर बाई आली की आधी फॉर्म एफ, गर्भलिंगनिदानबंदी कायद्याखाली भरायचा. भिंतीवर गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी. तरी एक सासूबाई दारातून परत परत विचारत होत्या, "सगळं नीट आहे ना डॉक्टर?" त्यांना काय विचारायचंय ते सगळ्यांनाच कळत होतं. सर म्हणाले, "बाळाचे ठोके छान आहेत. पुढचा पेशंट." १९९४चा हा कायदा पीएसएमच्या (सामुदायिक आरोग्य) पेपरात पाच मार्कांपुरता येतो, त्या खोलीत मात्र तो दिवसभर शेजारी बसलेला असतो. आराम वगैरे काही नाही, पण ब्रँच आवडली.

तिसरं वर्ष, रायगड
माझे बाबाच गावात जीपी, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. रात्री विंचू चावलेला एक माणूस आणला. घामाने निथळलेला, हातपाय गार. बाबांनी प्राझोसिनची गोळी दिली. हा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवला, आमच्याकडे त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्यं उसळतात, हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी भरू शकतं. गोळी त्या द्रव्यांचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम अडवते. बाबांनी नातेवाइकांना बजावलं, "आडवंच राहू द्या, एकदम उठवू नका." गोळीने बीपी पडू शकतं ना. सुपरस्पेशालिटीचं वेड तेव्हापासून जरा कमी झालंय माझं.

सर्जरी रेसिडेंट, मुंबई
भाचीला सांगा, एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) राऊंडला जाऊ नकोस, इमर्जन्सीच्या दिवशी पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटमागे (पीजी करणाऱ्या डॉक्टरमागे) फिर. ब्लड बँकेत धावपळ, फाइली, चिडलेले नातेवाईक, गार झालेला वडापाव. ते बघूनही ब्रँच आवडली तर खरी. आणि वॉर्डातल्या सिस्टरांना आधी नमस्कार कर, निम्मं त्याच शिकवतात.

धागाकर्ती
भाची वाचतेय. तिचा प्रश्न : लेबर रूममध्ये पहिल्या वर्षाला उभं राहू देतात का?

गायनॅक, कोल्हापूर
युनिटवर अवलंबून. पण आधी पेशंटला विचारायचं, तेही कळा सुरू असताना नव्हे, अ‍ॅडमिट होतानाच. ती 'नको' म्हणाली तर का म्हणून विचारायचं नाही. मोबाइल बाहेर ठेवायचा. आणि पोटभर खाऊन जा म्हणावं.