ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला जर्मनची परीक्षा लागत नाही, तरी क्लास लावू का?

मिरजेची सिस्टर: नमस्कार. मी मिरजेत स्टाफ नर्स आहे, माहेर तासगावचं. मिस्टर जर्मनीत श्टुटगार्टजवळ नोकरीला लागलेत, त्यांना ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा तिथं राहण्याचा परवाना, मिळालंय. दिवाळीनंतर मी आणि तीन वर्षांचा मुलगा जाणार. ब्लू कार्डमुळे माझ्या व्हिसाला ए१, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, लागत नाही. सासरे म्हणतात, मग फी कशाला घालवायची, तिकडं गेलं की आपोआप येतं. सांगलीत विश्रामबागला क्लास आहे, पण माझी ड्युटी शिफ्टची. तिकडं सरकारी क्लास असतात म्हणे, ते कसे? मला पुढं नर्सिंगच करायचंय.

विटेकर: आम्ही गलाईवाले. लग्नानंतर आई कोइमतूरला गेली, खाली सोनं गाळायचं दुकान आणि वर खोली. तमिळ तिला शेजारच्या अक्कांनी भाजीच्या गाडीवर शिकवलं. भाषा आली, पण आम्ही शाळेत जायला लागेपर्यंत ती एकटी दवाखान्यात जात नव्हती. तिच्या वेळी कुणी क्लास काढला असता तर तिनं एक दिवस बुडवला नसता. सासऱ्यांना एवढं सांगा.

कराडची, सध्या लुडविग्सबुर्ग: ताई, क्लास लावाच. मिस्टरांचं ऑफिसात इंग्रजीवर भागेल. मुलाला ताप आला की डॉक्टरांकडं फोन तुम्ही करणार, आणि उचलणारी बाई बहुतेक जर्मनच बोलणार. विम्याची, घरमालकाची, बालवाडीची पत्रं सगळी जर्मनमध्ये. चांगल्या शिकलेल्या आपल्या बायका प्रत्येक कामाला नवऱ्याच्या सुट्टीची वाट बघत बसलेल्या मी इथं बघते, आणि मला ते बघवत नाही.

सरकारी म्हणजे इंटिग्रेशन कोर्स. साधारण ७०० तासांचा, त्यात ६०० तास भाषा आणि १०० तास इथला कायदा, इतिहास, समाज. तास ४५ मिनिटांचा. शेवटी भाषेची परीक्षा, ती बी१, म्हणजे तिसऱ्या पातळीपर्यंतची असते, आणि ३३ प्रश्नांची वेगळी चाचणी. तिचे सगळे प्रश्न आधीच जाहीर असतात, घाबरायचं कारण नाही. निवास परवान्यासाठी परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाल तेव्हाच कोर्सचा दाखला मागा. नवऱ्याकडं राहायला आलेल्या बायकोला तो हक्क असतो, पण परवाना मिळाल्यापासून वर्षभरात वापरला नाही तर जातो. कुणी आपणहून सांगेल या भरवशावर राहू नका. कोर्स फुकट नाही, थोडा वाटा आपण भरायचा. आणि सुरुवातीला चाचणी घेऊन बसवतात, त्यामुळं ए१ करून आलात तर पुढच्या टप्प्यात जाल. सांगलीतली फी वाया जात नाही.

मिरजेची सिस्टर: खूप आभार ताई. नाइट असली की क्लास बुडणार, त्याचं काय? आणि तिकडं पोराला कुठं ठेवायचं?

कराडची, सध्या लुडविग्सबुर्ग: बुडलेलं डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या मोफत ऑनलाइन कोर्सवर भरून काढा. पण बोलायचा सराव माणसासमोरच होतो, म्हणून क्लास सोडू नका. परीक्षाही द्या, पुण्यात मॅक्स म्युलर भवनात होते.

वर्षाचं झाल्यापासून प्रत्येक मुलाला पाळणाघराचा कायदेशीर हक्क आहे, २०१३ पासून. जागा मात्र कमी, तेव्हा मिस्टरांना आजच नाव नोंदवायला लावा. अडलं तर कारितास, आवो, रेड क्रॉस या सेवाभावी संस्थांकडं नव्यानं आलेल्यांसाठी सल्ला केंद्रं असतात, सरकारी पैशावर चालतात, एक पैसा घेत नाहीत. त्यांचं एम-बी-ई-ऑन नावाचं ॲप आहे, त्यावर चॅट करता येतं. अर्ज कसा भरायचा इथपासून डिग्रीच्या मान्यतेपर्यंत सगळं विचारा.

नर्सिंगला साधारणपणे बी२, म्हणजे बी१ च्या पुढची पातळी, मागतात. बी१ नंतर नोकरीसाठीचे वेगळे भाषावर्ग असतात, ते पुढं नेतात. निघायच्या आधी कॉलेजकडून विषयवार थिअरी आणि प्रॅक्टिकलच्या तासांचा सहीशिक्क्याचा कागद घ्या, कौन्सिलची नोंदणी आणि अनुभवाचे दाखलेही. मान्यतेच्या वेळी शिकलेल्या तासांची तुलना होते, आणि इथून कॉलेजच्या क्लार्कला गाठणं फार जिवावर येतं.