क्यूएमू फझिंग: क्रॅश फाइल एकटी चालवली की क्रॅश होतच नाही, मदत हवी आहे

चिंचवडी_सी

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा लक्ष द्यावं.

आमच्याकडे एका पीसीआय डिव्हाइसचं क्यूएमू मॉडेल आहे, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये अख्खी मशीन उभी करणाऱ्या क्यूएमू एम्युलेटरसाठी लिहिलेली त्याची नक्कल. खरी चिप अजून फॅबमधून यायची आहे, तोवर ड्रायव्हरवाले अडून राहू नयेत म्हणून कोणीतरी पूर्वी लिहिलेलं, तो माणूस गेला दुसऱ्या कंपनीत आणि मॉडेल आलं माझ्या गळ्यात. आतमध्ये फार काही नाही, एक डिस्क्रिप्टर रिंग (डिव्हाइसने करायच्या कामांची यादी), डीएमए (डिव्हाइसने थेट मेमरीत वाचणं-लिहिणं), आणि ट्रान्स्फरला वेळ लागतोय असं दाखवायला व्हर्च्युअल क्लॉकवर एक टायमर, तो वाजला की डिस्क्रिप्टर वाचायचे आणि इंटरप्ट द्यायचा. मॅनेजरांनी कुठेतरी ऐकलं की क्यूएमूमध्ये फझर (वाट्टेल तसे इनपुट मारत राहून बग शोधणारा प्रोग्रॅम) आयताच मिळतो, मग म्हणे लावून बघ.

लावला. क्लँग कंपायलर घेतला, कॉन्फिगर करताना फझिंग आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (एसॅन, मेमरीचा चुकीचा वापर पकडणारा) दोन्ही चालू केलं, आय३८६ चा फझर बिल्ड केला, टार्गेट जेनेरिक-फझ, मशीन क्यू३५, आमचं डिव्हाइस एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून दिलं. क्यूएमू ८.२ वर आमचे पॅच आहेत. इथपर्यंत मस्त चाललं, कव्हरेज (किती कोड चालून गेला ते) वाढताना दिसत होतं, आणि रात्रभर सोडल्यावर सकाळी एसॅनची लाल ओळ, हीप-यूज-आफ्टर-फ्री (सोडून दिलेली मेमरी परत वापरली), टायमरच्या कॉलबॅकमध्ये.

पण लिबफझरने (क्यूएमूचा फझर ज्याच्यावर बांधलाय ते इंजिन) सेव्ह केलेली ती क्रॅश फाइल त्याच बायनरीला एकटी दिली की शांतपणे पूर्ण होते, काही नाही. ती फाइल छोटी (मिनिमाइझ) करायला गेलो तर इनपुट क्रॅश झालंच नाही म्हणून तो बाहेर पडतो. आणि परत रात्री फझर लावला की सकाळी तोच क्रॅश, वेगळी फाइल, आणि तीही एकटी दिली की साळसूद. कोणाला असा अनुभव आहे का? की हा एसॅनचा फॉल्स पॉझिटिव्ह समजून सोडून देऊ?

फावला_वेळ

रॅम बघा आधी. लिबफझरची आरएसएस (प्रोसेसने वापरायची रॅम) लिमिट डिफॉल्टला २०४८ एमबी असते आणि एसॅन चालू असलं की क्यूएमू ती आरामात ओलांडतं, माझ्याकडे असे खोटे क्रॅश खूप यायचे. जॉब्स कमी करा, लिमिट वाढवा.

चिंचवडी_सी

@फावला_वेळ ते आउट-ऑफ-मेमरी म्हणून वेगळं सांगतं ना, फाइलचं नावही ओओएम ने सुरू होतं. माझ्याकडे स्पष्ट यूज-आफ्टर-फ्री आहे, स्टॅकसकट. लिमिट तरी वाढवून ठेवलीये.

जुना_कर्नलवाला

फॉल्स पॉझिटिव्ह म्हणून सोडू नका हो. यूज-आफ्टर-फ्रीच्या बाबतीत एसॅन उगाच बोंबलत नाही. त्या रिपोर्टमध्ये तीन स्टॅक असतात, वापरलं कुठे, फ्री केलं कुठे, अ‍ॅलोकेट केलं कुठे. सगळे पहिलाच वाचतात. तुमचा दुसरा स्टॅक इथे टाका, फ्री कुठून झालं तो.

चिंचवडी_सी

ऑफिसच्या मशीनवरून कॉपी करता येत नाही, बघून टाइप करतोय. खालून वर: जेनेरिक फझ फंक्शन, त्याने बोलावलेलं फझ-रिसेट, मग क्यूएमू सिस्टिम रिसेट, मधली रिसेटवाली सात-आठ फंक्शन, मग आमच्या डिव्हाइसचं रिसेट आणि त्यात रिंगच्या बफरवर जी-फ्री.

जुना_कर्नलवाला

मग सापडलं की. फझ-रिसेट दिसलं ना, तिथेच उत्तर आहे.

लिबफझर एकाच प्रोसेसमध्ये एकामागून एक इनपुट चालवतो. साध्या पार्सरला हे चालतं, फंक्शन संपलं की विषय संपला. इथे मात्र अख्खी मशीन मागे उभी आहे, आधीच्या इनपुटने रजिस्टरमध्ये काय लिहून ठेवलं ते पुढच्याला दिसणारच. सुरुवातीला यावर तोड म्हणून क्यूएमूचा फझर प्रत्येक इनपुटला फोर्क करायचा, म्हणजे प्रोसेसची एक प्रत (चाइल्ड) काढायचा, चाइल्डने काय घालायचा तो गोंधळ घालावा आणि मरावं, पेरेंट स्वच्छ. पण फोर्क महाग पडतो, शिवाय चाइल्डचं कव्हरेज पेरेंटला मिळावं म्हणून लिंकर स्क्रिप्टच्या उचापती करायला लागायच्या. २०२३ मध्ये ते सगळं काढून टाकलं आणि प्रत्येक इनपुटच्या शेवटी मशीन रिबूट करायची पद्धत आली. तुमच्या ८.२ मध्ये तीच आहे. चांगलंच आहे ते, पण रिबूटने काय साफ होतं? डिव्हाइसच्या रिसेट फंक्शनने जेवढं साफ करायचं ठरवलंय तेवढंच.

आता तुमचं बघा. पहिल्या इनपुटने ट्रान्स्फर सुरू केला, टायमर लागला. इनपुट संपलं, रिसेट झालं, रिंगचा बफर फ्री केला, पण टायमर कोणी काढला का? भाडेकरू घर रिकामं करून गेला आणि गॅस चालूच ठेवून गेला, तशातली गत. त्यात क्यूटेस्ट (बाहेरून कमांड देऊन मशीन हलवायची क्यूएमूची टेस्टची सोय) अ‍ॅक्सेलरेटरखाली व्हर्च्युअल क्लॉक आपोआप पुढे जात नाही, क्लॉक-स्टेप कमांड आली तरच जातो. म्हणजे तो टायमर तसाच लटकून राहतो, मध्ये कितीही इनपुट जाऊ देत, आणि ज्या बिचाऱ्या इनपुटमध्ये पहिल्यांदा क्लॉक-स्टेप येतो त्याच्या नावावर खून पडतो. सेव्ह झालेली फाइल त्याची. ती एकटी चालवली तर टायमर लागलेलाच नसतो, मग काय होणार.

तपासायला सोपं आहे. लिबफझरच्या बायनरीला दोन फाइल दिल्या की त्या दिलेल्या क्रमाने एकाच प्रोसेसमध्ये चालतात. टायमर लावणारं इनपुट नवीन कव्हरेज देऊन गेलं असणार म्हणजे ते तुमच्या कॉर्पसमध्ये (फझरने जपून ठेवलेल्या इनपुटमध्ये) असण्याची शक्यता दांडगी. शेलमध्ये लूप लावा, कॉर्पसमधली एक फाइल, तिच्यामागे क्रॅश फाइल, अशी सगळ्यांची जोडी लावून बघा.

चिंचवडी_सी

काका कमाल आहे 🙏 लूप लावला आणि चहा पिऊन येईपर्यंत एक सोडून बऱ्याच जोड्या सापडल्या. रिसेट फंक्शन उघडून बघितलं तर रिंग फ्री करतंय, पॉइंटर नलसुद्धा करत नाहीये, आणि टायमर-डेल (टायमर काढायचं फंक्शन) चा पत्ताच नाही. पॉइंटर नल केला असता तर निदान सरळ सेगफॉल्ट तरी मिळाला असता.

आता दोन प्रश्न. एक, हा खरंच बग आहे की फझरच्या पद्धतीमुळे आलेली भानगड? म्हणजे खरा गेस्ट (मशीनच्या आत चालणारी ओएस) असं करू शकतो का? आणि दोन, आमच्या सिक्युरिटीवाल्याने लगेच सीव्हीई नंबर (सुरक्षेच्या बगला मिळणारा जाहीर क्रमांक) घ्यायचा का म्हणून विचारलंय, त्याला काय सांगू?

इंदिरानगरी

मी यात थोडं काम केलंय म्हणून लिहिते. बग खराच आहे. ट्रान्स्फर चालू असताना गेस्टने रिबूट मारला की झालं, खऱ्या अ‍ॅक्सेलरेटरखाली तर क्लॉक आपोआप चालतो त्यामुळे क्लॉक-स्टेपची वाटही बघायला नको. ड्रायव्हर टेस्टिंगमध्ये पॅनिक होऊन रिबूट हे रोजचंच, तुमच्या ड्रायव्हरवाल्यांना कधीतरी क्यूएमू उगाच पडतं अशी तक्रार असेलच, विचारून बघा.

सीव्हीई चं म्हणाल तर क्यूएमूच्या स्वतःच्या सिक्युरिटी धोरणात दोन वापर वेगळे धरलेत. केव्हीएमसारख्या हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशनवर चालणारा गेस्ट परका मानतात, तिथे गेस्टने होस्टच्या प्रोसेसची मेमरी बिघडवली तर सिक्युरिटी बग. टीसीजी वर नुसतं एम्युलेशन चाललं असेल तर त्यात सुरक्षेची हमीच दिलेली नाही, तिथले बग साधे बग. तुमचं मॉडेल अपस्ट्रीममध्ये (क्यूएमूच्या मूळ कोडमध्ये) नाही, चिप येईपर्यंतच्या कामासाठी आहे, गेस्ट पण तुमचाच. दुरुस्त करा आणि पुढे चला. हां, उद्या तेच मॉडेल कोणी क्लाउडवर भाड्याच्या मशीनला जोडलं तर गोष्ट वेगळी. व्हेनम नावाचा क्यूएमूचा बग आठवतोय ना, २०१५ चा? फ्लॉपी कंट्रोलरचा ५१२ बाइटचा फिफो, इंडेक्स काही कमांडनंतर वेळेवर शून्य व्हायचा नाही आणि गेस्ट बफरच्या बाहेर लिहायचा. कोड २००४ पासूनचा. आणि फ्लॉपी ड्राइव्ह जोडलेला नसला तरी कंट्रोलर मशीनमध्ये असायचाच. कोणी वापरत नाही म्हणून कोणी बघत नाही, असले डिव्हाइस फझरला फार आवडतात.

फावला_वेळ

व्हेनमच्या वेळी आमच्याकडे पूर्ण वीकेंड सगळे होस्ट पॅच करण्यात गेला होता. फ्लॉपीसाठी!! 😂

चिंचवडी_सी

@इंदिरानगरी धन्यवाद ताई, ड्रायव्हरवाल्यांना विचारलं, अगदी तशीच तक्रार निघाली, ते इतके दिवस आपल्याच कर्नलला शिव्या देत होते.

टायमर काढून टाकला, तो क्रॅश गेला. आता दुसराच आला, स्टॅक ओव्हरफ्लो. तीच दोन-तीन फंक्शन स्टॅकमध्ये शेकडो वेळा. डिस्क्रिप्टरमधला डीएमएचा पत्ता आमच्याच बारमध्ये (डिव्हाइसच्या रजिस्टरांना मिळालेल्या पत्त्यांमध्ये) पडतोय, म्हणजे डिव्हाइस डीएमएने स्वतःच्याच डोअरबेल (काम सुरू कर असं सांगणाऱ्या) रजिस्टरवर लिहितं आणि परत त्याच कोडमध्ये शिरतं. पण मी वाचलं होतं की ८.१ पासून यावर गार्ड आहे मग?

इंदिरानगरी

गार्ड आहे, पण तो मेमरी रीजनच्या मालकावर अवलंबून आहे. एमएमआयओ रीजन (मेमरीसारखा पत्ता देऊन वापरायचे रजिस्टर) बनवताना ओनर म्हणून तुमचं डिव्हाइस ऑब्जेक्ट दिलं असेल तरच क्यूएमूला कळतं की हा रीजन कोणाचा, मग ते डिव्हाइस आधीच आयओ मध्ये गुंतलेलं असलं तर आतला अ‍ॅक्सेस अडवला जातो आणि एकदा वॉर्निंग छापली जाते. जुन्या मॉडेलमध्ये लोकांनी ओनरच्या जागी सरळ नल दिलेला असतो, चालतं तर चालू दे म्हणून. तुमचं तसं आहे का बघा. आणि टायमरच्या कॉलबॅकमधून डीएमए करत असाल तर लक्षात ठेवा, टायमरला हा गार्ड लागत नाही, तिथून पहिली घुसखोरी होऊन जाते. त्यातल्या त्यात बरं म्हणजे टायमरमधून फक्त बॉटम हाफ (मेन लूपने नंतर चालवायचं काम) शेड्यूल करायचा, गार्डवाला प्रकार वापरून, आणि डीएमए त्याच्यात. ते करताना रिसेटमध्ये बॉटम हाफ पण कॅन्सल करा, नाहीतर पुन्हा हाच धागा वर येईल.

चिंचवडी_सी

ओनर नलच होता. काय बोलणार.

शेवटचं एक विचारतो. पहिल्या बगचा रिग्रेशन टेस्ट (तो परत आला तर पकडणारा) करून ठेवायचाय. दोन्ही इनपुटचा क्यूटेस्ट ट्रेस (चाललेल्या कमांडची यादी) काढला, सीरियलाइझवालं व्हेरिएबल चालू करून, ओएसएस-फझ फोल्डरमधल्या रिऑर्डर स्क्रिप्टमधून पण काढला. दोन्ही ट्रेस जोडून जुन्या, फिक्स नसलेल्या बिल्डला स्टँडर्ड इनपुटवरून दिले तर क्रॅश नाही. आता काय राहिलं?

जुना_कर्नलवाला

रिसेट राहिला. फझर रिसेटचं फंक्शन थेट बोलावतो, क्यूटेस्टची कमांड म्हणून पाठवत नाही, त्यामुळे ट्रेसमध्ये त्याची ओळच नसते. तुम्ही जोडले ते दोन ट्रेस एकाच बूटमध्ये चालले. मध्ये ०एक्ससीएफ९ पोर्टवर ६ लिहून रिसेट मागता येतो, पण तो लगेच होत नाही, नुसती विनंती नोंदवली जाते, आणि स्टँडर्ड इनपुटवरून धडाधड कमांड येत असतील तर पुढच्या ओळी आधीच चालून जातात. त्यापेक्षा सी मध्ये छोटा क्यूटेस्ट लिहा. स्क्रिप्टच्या त्याच फोल्डरमध्ये ट्रेसवरून सी कोड काढून देणारी पण आहे, तिचं आउटपुट घ्या, दोन भागांच्या मध्ये क्यूएमपीने (चालू क्यूएमूला बाहेरून हुकूम द्यायची वाट) सिस्टिम रिसेट पाठवा आणि रिसेटचा इव्हेंट येईपर्यंत थांबा. रिसेटने बारचे पत्तेही पुसले जातात, तेव्हा दुसऱ्या भागात पीसीआयची मांडणी परत झालेली आहे ना ते बघून घ्या. नमुना हवा असेल तर सोर्समध्येच ई१०००ई, मेगासॅस, एसडी कार्ड यांचे फझ टेस्ट आहेत, थोडक्या ओळींचे असतात.

चिंचवडी_सी

झालं! जुन्या बिल्डवर पडतोय, नव्यावर पास. सीआय (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या सर्व्हर) वर क्लँग नाहीये आमच्याकडे, फक्त जीसीसी, तिथे चालेल ना हा?

जुना_कर्नलवाला

चालेल, क्लँग फक्त फझर बिल्ड करायला लागतो. जीसीसी च्या बिल्डमध्ये पण एसॅन चालू ठेवा मात्र, नाहीतर फ्री झालेल्या मेमरीत जुनाच डेटा पडलेला असतो आणि टेस्ट कायम हिरवा दिसेल.